घरात छोटी रेल्वे उभारायची आहे? पुणेकरांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घरात मॉडेल रेल्वे उभारण्याबद्दल पुण्यात पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना डोळ्यांसमोर आहे तो फ्लॅटमध्ये राहणारा, नोकरी सांभाळणारा आणि आपल्याच गाड्यांवर जीव असलेला माणूस. ज्यांच्याकडे बंगला आणि रिकामं गॅरेज आहे, त्यांनी मापं खुशाल दुप्पट करावीत.

सुरुवात करण्याआधी असं काही प्रत्यक्ष बघायला मिळेल का?

कोथरूडमध्ये, कर्वे रस्त्याला लागून, जोशी यांचं छोट्या रेल्वेचं संग्रहालय आहे. भाऊसाहेब जोशी यांनी जमवलेलं आणि उभारलेलं हे छोटं शहर १९९८ पासून लोकांसाठी खुलं आहे. मुलांना दाखवायला म्हणून जा, पण स्वतः मात्र गाड्यांकडे कमी आणि रुळांकडे जास्त बघा. वळणं किती मोठी आहेत, सांधे (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारे) कुठे आहेत, चालवणारा माणूस कुठे उभा राहतो, मागच्या बाजूला हात कसा पोचतो. घरी येऊन कागदावर आराखडा काढताना हेच उपयोगी पडतं.

एचओ, ओओ, एन... नेमकं घ्यायचं काय?

एचओ म्हणजे १:८७ (खऱ्या गाडीपेक्षा ८७ पट लहान), रुळांमधलं अंतर १६.५ मिमी. एन म्हणजे १:१६०, अंतर ९ मिमी. जपानी एन १:१५० आणि ब्रिटिश एन १:१४८, पण रूळ तोच. ओओ हा ब्रिटिशांचा प्रकार: गाडी १:७६ ची आणि रूळ मात्र एचओचाच. त्यामुळे ओओची गाडी एचओच्या रुळावर धावते, फक्त शेजारी उभी केली की थोडी थोराड दिसते. याखेरीज झेड, टीटी, ओ वगैरे आहेत. पहिल्या वेळी त्यांच्या वाटेला जाऊ नका.

आमचं मत विचाराल तर: लांब गाडी गोल फिरताना बघायची असेल तर एन, आणि डबे जोडणं-तोडणं, इंजिन रंगवणं, हाताने काही बनवणं यात रस असेल तर एचओ. चाळिशीनंतर चष्म्याचा नंबरही विचारात घ्यावा.

आपली ब्रॉडगेज तर जास्त रुंद आहे. मग एचओचा रूळ चुकीचा नाही का?

चुकीचाच आहे. १६.५ मिमीला ८७ ने गुणलं की १४३५ मिमी येतात, म्हणजे युरोप-अमेरिकेतलं स्टँडर्ड गेज. आपली ब्रॉडगेज १६७६ मिमीची. ती १:८७ मध्ये १९.३ मिमी व्हायला हवी, म्हणजे जवळजवळ तीन मिलिमीटरचा फरक. समोरून पाहिलं की इंजिन जरा अरुंद पायांवर उभं वाटतं. बाजूने काही कळत नाही, आणि घरातल्या मांडणीकडे आपण बहुतेक वेळ बाजूनेच बघतो.

हट्टच असेल तर १९.३ मिमीचा रूळ हाताने घालता येतो. पण मग प्रत्येक सांधा स्वतः बनवायचा आणि प्रत्येक इंजिनाचे आस बदलायचे. हे दुसऱ्या-तिसऱ्या मांडणीला करायचं काम आहे. जगभरचे लोक ओओमध्ये हीच तडजोड वर्षानुवर्षं करत आले आहेत आणि सुखात आहेत.

तडजोड मुळीच नको असेल तर आपल्याच मुलखात दोन सुंदर पर्याय आहेत, आणि त्यांच्याकडे फार कमी लोक वळतात याचं नवल वाटतं.

पहिला बार्शी लाईट रेल्वेचा. १८९७ मध्ये सुरू झालेली ही नॅरोगेज ७६२ मिमीची होती. ७६२ भागिले ८७ म्हणजे ८.८ मिमी, एनचा ९ मिमीचा रूळ जवळपास अचूक बसतो. छोटी इंजिनं, छोटे डबे, तीव्र वळणं, कुर्डुवाडीला मोठ्या गाडीतून छोट्या गाडीत चढणारे पंढरपूरचे वारकरी. हॉलमधल्या एका भिंतीवर यापेक्षा जास्त काय हवं? गाड्या मात्र स्वतः बनवाव्या लागतील. एनच्या तयार चाकांच्या सांगाड्यावर पुठ्ठ्याचा किंवा थ्रीडी प्रिंटचा डबा बसवायचा.

दुसरा पर्याय पुणे मेट्रोचा. आपली मेट्रो स्टँडर्ड गेजची आहे, म्हणजे एचओचा रूळ तिला तंतोतंत योग्य. गाडी तीन डब्यांची, त्यामुळे एचओतही साधारण पाऊण मीटरात मावते. खांबांवरच्या मार्गावर खडी पसरायची नाही, शिवाय खाली कर्वे रस्त्याची रहदारी दाखवता येते. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे कॉलेज हा टप्पा सुरू झाला, त्यातली दोन-तीन स्थानकं केली तरी पुरे. रेल्वेप्रेमी मंडळी मेट्रोला नाकं मुरडतात. मुरडू द्या.

माथेरानची गाडी ६१० मिमीची, १:८७ मध्ये बरोबर ७ मिमी. ९ मिमीचा रूळ मोठा पडतो आणि झेडचा ६.५ चा लहान. तिथे तडजोड आलीच.

मला खंडाळ्याचा घाट करायचा आहे. जमेल?

पुण्यातल्या प्रत्येकाला खंडाळ्याचाच घाट करायचा असतो. आधी आकडे बघू.

पुणे ते लोणावळा ६४ किमी. एचओमध्ये ते ७३५ मीटर होतात. म्हणजे ‘सगळा मार्ग’ हा विचार पहिल्याच दिवशी सोडायचा. आता चढ. बोरघाटाचा, म्हणजे याच खंडाळ्याच्या घाटाचा, कमाल चढ ३७ ला १, म्हणजे २.७ टक्के. मॉडेलमध्ये २ टक्के आरामात, ३ टक्के ताणून, त्यापुढे इंजिनाची चाकं जागेवर फिरायला लागतात. म्हणजे खरा घाट जितका अवघड, तितकाच घरातलाही. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर एचओमध्ये सुमारे साडेसात सेंटिमीटर उंची लागते. २.७ टक्क्यांनी तेवढं चढायला पावणेतीन मीटर रूळ हवा, आणि उतरायला पुन्हा तेवढाच. ५० सेंमी त्रिज्येचं सर्पिल केलं तर एका फेरीत साडेआठ सेंटिमीटर चढता येतं, पण वळणाचा रोध वेगळा सोसावा लागतो.

म्हणून घाट ‘चढवू’ नका, घाट ‘दाखवा’. रूळ सपाट ठेवा आणि जमीन खाली न्या. पाटाचा मधला भाग कापून तिथे दरी करा. मंकी हिलजवळचा एक बोगदा, एक कमानींचा पूल, मागे रंगवलेला डोंगर आणि पुढे खोल उतार, एवढ्यावर बघणाऱ्याला घाट दिसतो. गाडी बोगद्यात शिरते, पडद्यामागच्या लपलेल्या मार्गांवर थांबते आणि मिनिटभराने परत येते. तिकडे कर्जत आहे असं समजायचं.

खऱ्या घाटातली सर्वांत मजेची गोष्ट मात्र सोडू नका. कर्जतला पुण्याकडे येणाऱ्या गाडीच्या मागे बँकर इंजिनं लागतात आणि लोणावळ्याकडे वर ढकलतात. डीसीसीवर (इंजिनांना पत्त्यानुसार हुकूम देणारी पद्धत, पुढे येईलच) पुढचं आणि मागचं इंजिन एकाच पत्त्याला बांधून हे करता येतं. दोन्ही इंजिनांचा वेग आधी वेगवेगळा चालवून जुळवून घ्यावा लागतो, नाहीतर मागचं जोरात ढकलतं आणि मधला डबा वळणावर पाय वर करतो. बँकर लागेपर्यंत वडा खायची सोय ज्याची त्याने बघावी.

जुन्या काळाची हौस असेल तर १९२८ पासून आलेली ती लांब नाकाची मालगाडीची विजेची इंजिनं आहेत, ज्यांना आपल्याकडे ‘खेकडा’ म्हणत. स्वित्झर्लंडच्या मगर-इंजिनाचं मॉडेल रंगवून लोक ती भूमिका वठवतात. हुबेहूब नसतं, पण लांबून चालून जातं.

पूर्ण डेक्कन क्वीन चालवता येईल?

एलएचबी डबा (आजचा, मूळ जर्मन बनावटीचा) २३.५४ मीटरचा, म्हणजे एचओमध्ये २७ सेंमी. १६ डबे धरले तर सव्वाचार मीटरची गाडी झाली, इंजिन वेगळं. बहुतेक फ्लॅटच्या हॉलपेक्षा लांब. पाच किंवा सहा डब्यांची डेक्कन क्वीन करा, फक्त त्यात डायनिंग कार हवीच. ती नसेल तर ती कुठलीही गाडी झाली.

दोन बीएचकेत जागा कुठून आणायची?

८ बाय ४ फुटांचा प्लायवुडचा पाट आणि त्यावर लंबगोल, ही सगळ्यांची पहिली कल्पना असते. फ्लॅटमध्ये ती सर्वांत गैरसोयीची. पाट भिंतीला लागला की पलीकडे हात पोचत नाही (माणसाचा हात आरामात पाऊण मीटर जातो, त्यापुढे पोट पाटावर येतं), आणि भिंतीपासून सोडवला तर खोलीत दुसरं काही मावत नाही.

त्यापेक्षा भिंतीला फळी. ३० ते ४० सेंमी रुंद, छातीच्या उंचीवर, खाली पुस्तकांचं कपाट किंवा कामाचं टेबल तसंच राहील. फळीवर गाडी गोल फिरणार नाही, म्हणून लोक नाराज होतात. त्यांना आम्ही एकच गोष्ट सुचवतो: शंटिंगचं कोडं.

ॲलन राइट या ब्रिटिश छंदकाराने रचलेली ‘इंगलनूक’ नावाची मांडणी आहे. तीन साईडिंग (बाजूला फुटलेले रूळ): एकीत पाच वाघिणी, म्हणजे मालगाडीचे डबे, मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन. एकूण वाघिणी आठ. चिठ्ठ्या काढायच्या आणि ज्या क्रमाने पाच नावं येतील त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लावायची. इंजिनासह तीनच वाघिणी मावतील एवढा पुढचा तुकडा असतो, त्यामुळे डोकं चालवावं लागतं. अशा ६,७२० वेगवेगळ्या गाड्या लागू शकतात. लागतात फक्त दोन सांधे आणि एक इंजिन. चार चाकी छोट्या वाघिणी घेतल्या तर एचओमध्ये दीड मीटरची फळी पुरते. आजच्या बॉक्सएन वाघिणी (एकेक साधारण १२ सेंमी) घेतल्या तर दोन मीटर. एनमध्ये त्याच्या निम्मं. सुरुवातीचा रूळ, वायरिंग, खडी, गवत हे सगळं यात शिकून होतं आणि दिवाळीपर्यंत काहीतरी पूर्ण झालेलं दिसतं. अर्धवट मोठा घाट माळ्यावर जाऊन पडतो, हे आजूबाजूला इतकं दिसतं की त्यावर जास्त बोलायला नको.

वळण किती मोठं ठेवू?

सर्वांत लांब डब्याच्या निदान तिप्पट त्रिज्या. आयसीएफचा (एलएचबीच्या आधीचा, जुन्या पद्धतीचा) डबा एचओमध्ये २४.५ सेंमी, म्हणून साधारण ७४ सेंमी. एनमध्ये तो १३.३ सेंमीचा होतो आणि ४० सेंमी पुरते. संचांमध्ये मिळणारी एचओची वळणं ३६ ते ४६ सेंमीच्या आसपास असतात. त्यावर वाघिणी आणि छोटी इंजिनं धावतात. लांब डबे धावले तरी टोकं बाहेर लोंबतात आणि शेजारच्या रुळावरच्या गाडीला घासतात.

पाट कशाचा करावा?

१२ मिमी प्लाय, खाली पाइनच्या पट्ट्यांची चौकट. कमर्शियल एमआर ग्रेड चालतो, पण बीडब्ल्यूआर घेतला तर पावसाळ्यात कमी वाकतो. दोन्ही बाजूंना आणि कडांना प्रायमर मारायचा. एकाच बाजूला मारला की प्लाय हमखास तिरपा होतो. वर रूळ बसवण्यासाठी ३ ते ५ मिमी कॉर्क किंवा फोमची पट्टी. ती नसली की पाटाचा ढोल वाजतो आणि खालच्या मजल्यावरचे वर येतात.

रूळ कोणता?

निकेल-सिल्व्हरचा. (त्यात चांदी नसते; तांबं, निकेल आणि जस्त असतं.) जुन्या बाजारात पितळी रूळ स्वस्तात दिसले तरी सोडून द्या, ते काळे पडतात आणि वीज नीट जात नाही. कोड १०० म्हणजे रुळाची उंची २.५४ मिमी, कोड ७५ म्हणजे १.९ मिमी. आपल्या ६० किलोच्या रुळाची उंची १७२ मिमी, एचओमध्ये २ मिमीला किंचित कमी. म्हणजे दिसायला कोड ७५ जवळचा. पण जुनी, जाड कडांची चाकं कोड १०० वरच धावतात. पहिल्यांदा कोड १०० घ्या आणि बाजूंना गंजाचा तपकिरी रंग द्या. उंची लक्षातही येत नाही.

डीसी की डीसीसी?

एकच इंजिन असेल तर साधं १२ व्होल्ट डीसी. दोन इंजिनं एकाच मार्गावर स्वतंत्र चालवायची असतील तर डीसीसी. त्यात रुळावर वीज कायम असते आणि प्रत्येक इंजिनातला डिकोडर आपल्या पत्त्यावर आलेलाच हुकूम ऐकतो. नव्या डिकोडरचा पत्ता ३ असतो, तो आधी बदला, नाहीतर सगळी इंजिनं एकदम निघतात.

पुण्यात आयटीवाल्यांची कमी नाही, म्हणून सांगायला हवं: डीसीसी-ईएक्स ही मुक्त प्रणाली आर्डुइनो आणि मोटर शील्डवर चालते. तयार कंट्रोलरपेक्षा बरीच स्वस्त पडते आणि मोबाइलवरून गाडी चालवता येते. धोका इतकाच की काही जण सहा महिने कोडच लिहीत बसतात आणि पाटावर एक रूळही ठोकलेला नसतो.

वायरिंग मला अजिबात येत नाही.

घरच्या वायरिंगची १.५ चौरस मिमी वायर पाटाखालून दोन रंगांत फिरवा. तिच्यातून दर मीटरभराने बारीक वायरी रुळाला झाळा (सोल्डर करा). रुळांच्या जोडपट्ट्यांवर वीज वाहून नेण्याचा भार टाकू नका. झाळताना रोझिन फ्लक्स, ॲसिडवालं कधीही नाही. मग मार्गावर जागोजागी रुपयाचं नाणं दोन्ही रुळांवर आडवं ठेवून बघा. डीसीसीचा कंट्रोलर प्रत्येक ठिकाणी ताबडतोब बंद पडला पाहिजे. जिथे पडत नाही तिथे वायर कमी आहे.

मार्ग वळसा घालून स्वतःलाच उलटा येऊन मिळत असेल तर शॉर्ट सर्किट होणारच. तो तुकडा दोन्ही टोकांना विलग करून त्याला वेगळं उपकरण लावावं लागतं.

मामांनी अमेरिकेतून संच आणलाय, लावू का?

थांबा! अमेरिकेतला ट्रान्सफॉर्मर १२० व्होल्टचा, जपानचा १०० चा. आपल्या २३० वर लावला तर धूर निघेल. ट्रान्सफॉर्मर बाजूला ठेवा आणि इथलाच १२ व्होल्टचा वापरा. संच जर्मनीचा असेल तर त्यावर मार्कलिन हे नाव आहे का बघा. मार्कलिनच्या एचओ गाड्या रुळांच्या मधल्या टाचण्यांमधून वीज घेतात आणि त्यांची दोन्ही बाजूंची चाकं एकमेकांशी जोडलेली असतात. त्या साध्या दोन रुळांच्या मार्गावर ठेवल्या की शॉर्ट. मार्कलिन उत्तमच, पण मग सगळंच मार्कलिन.

भारतीय इंजिनं मिळतात का? आणि परदेशातून मागवली तर?

भारतात काही छोटे उत्पादक एचओमध्ये भारतीय इंजिनं-डबे मर्यादित संख्येत बनवतात. आगाऊ नोंदणी करून थांबावं लागतं. दुसरा मार्ग रंगकामाचा. आयसीएफच्या डब्याचं मूळ स्विस आहे, एलएचबीचं जर्मन, मालगाडीच्या डब्ल्यूडीजी-४ डिझेल इंजिनाचं अमेरिकन. त्या त्या देशांच्या मॉडेलमधून जवळचं काही शोधायचं आणि त्यावर आपले रंग चढवायचे.

परदेशातून मागवताना कस्टम ड्युटी लक्षात ठेवा. छोट्या रेल्वे खेळण्यांच्याच गटात धरल्या जातात, आणि २०२० मध्ये सरकारने खेळण्यांवरचं आयात शुल्क २० वरून ६० टक्के केलं. पुढेही दर बदलत गेले आहेत, त्यामुळे मागवायच्या आठवड्यात चालू दर तपासा.

पुण्यात सामान कुठे मिळेल?

प्लाय आणि पट्ट्या भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटात, तिथेच मापाने कापून घ्या. वायर, स्विच, एलईडी, छोटे सर्वो मोटर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत. सर्वो खास सांध्यांसाठी घ्या. खटकन न बदलता सांधा सावकाश सरकतो आणि खऱ्यासारखा दिसतो. रंग, पुठ्ठा, ब्रश अप्पा बळवंत चौकात. हत्यारं, चाळण्या, दोऱ्या बोहरी आळीत. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात जायला हरकत नाही, पण यादी घेऊन जा.

डोंगर कसे करायचे?

दिवाळीचा किल्ला केलाय ना? मग येतंच तुम्हाला. विटांच्या जागी चुरगळलेला कागद किंवा पॅकिंगचा थर्माकोल, चिखलात भिजवलेल्या पोत्याच्या जागी प्लास्टर ऑफ पॅरिसमध्ये भिजवलेलं जुनं सुती कापड. फरक एकच, अळीव पेरायचे नाहीत.

सह्याद्रीचा कडा आडव्या थरांचा असतो. लाव्ह्याचे थर एकावर एक बसलेत, मध्ये झाडीचे पट्टे. परदेशी व्हिडिओ बघून केलेले टोकदार, पांढुरके डोंगर इथे परके वाटतात. महिनाही आधी ठरवा. जुलैचा घाट हिरवागार आणि धबधब्यांचा, डिसेंबरचा वाळलेल्या सोनेरी गवताचा, मेचा तपकिरी. एकाच पाटावर तिन्ही आले की काहीतरी खटकतं आणि काय ते कळत नाही. तयार मिळणारं परदेशी गवत बहुधा फार निळसर हिरवं असतं. त्यात थोडा पिवळा रंग मिसळा. जमिनीसाठी चाळलेली खरी माती, पूर्ण वाळवलेला चहाचा चोथा, भुसा हे सगळं चालतं. झाडांच्या पानांसाठी रंगवलेला फोम मिक्सरमधून काढतात. मिक्सर वेगळा घ्या.

उभं गवत लावायला मच्छर मारायच्या रॅकेटच्या सर्किटपासून उपकरण करतात. त्यात उच्च दाबाची वीज असते, विजेच्या कामाची सवय असेल तरच हात लावा.

खडी खरी वापरली तर?

वापरा. आपला काळा पाषाण रंगाला अगदी योग्य. बारीक करून, धुऊन, वाळवून, चाळून घ्या आणि मग कागदाखालून चुंबक फिरवा. बेसाल्टमध्ये मॅग्नेटाइटचे कण असतात. ते चुंबकाला चिकटतात, म्हणजेच इंजिनाच्या मोटरलाही चिकटतात. असे कण काढून टाका. खडी ब्रशने पसरून पाण्याची फवारणी करा, मग फेव्हिकॉल आणि पाणी निम्मं-निम्मं, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब, हे ड्रॉपरने सोडा. थेंब विसरलात तर पाणी खडीवर गोळ्या होऊन बसतं. सांध्याच्या हलत्या पात्यांजवळ गोंद जाऊ देऊ नका.

पावसाळ्यात काय होतं?

लाकूड फुगतं, उन्हाळ्यात आकसतं. रूळही तापमानाने थोडे वाढतात: तीन मीटरला २० अंशांच्या फरकाने साधारण १ मिमी. म्हणून मे महिन्यात रूळ घालत असाल तर रुळांची टोकं एकमेकांना भिडवून ठेवली तरी चालतं, पण जानेवारीत घालत असाल तर थोड्या फटी सोडा. सगळे जोड झाळू नका. जुलैमध्ये आठवड्यातून एकदा तरी गाडी चालवा आणि रूळ आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. सँडपेपर कधीच नाही. ओरखड्यांत मळ बसतो. झाकायला पातळ प्लॅस्टिक बरं. जुन्या साडीचे धागे आसात गुंडाळतात. पालीचा बंदोबस्त मात्र कोणालाच जमलेला नाही.

लहान मुलं हात लावतात.

लावू द्या. त्यांच्यासाठी एक दणकट डबा आणि जुनं इंजिन वेगळं ठेवा. अगदी लहानांपासून सुटे भाग दूर.

सगळं केलं, पण गाडी नेमकी एकाच ठिकाणी थांबते किंवा घसरते.

आधी ठरवा की जागा वाईट आहे की गाडी. दुसरी गाडी तिथेच थांबली तर रूळ, तीच गाडी सगळीकडे अडखळली तर चाकं. रुळाच्या जोडावरून डोळे मिटून बोट फिरवा, पायरी लगेच लागते. एचओच्या चाकांमधलं आतलं अंतर साधारण १४.४ मिमी असतं. कमी-जास्त असेल तर सांध्यावर घसरणारच. हलका डबा लांब गाडीत वळणावर आत ओढला जातो, त्याच्या तळाशी नटबोल्ट चिकटवून वजन वाढवा. आणि सांध्याच्या मधोमधच इंजिन बंद पडत असेल तर त्या मधल्या तुकड्याला वीज पोचत नाही. छोट्या, चार चाकांच्या इंजिनांना हा त्रास हमखास होतो. त्या तुकड्याला स्वतंत्र वायर द्या किंवा इंजिनात क्षणभर वीज साठवणारा कपॅसिटर बसवून घ्या.